स्कायरिमच्या यादवीवर वाद घालायचाय? मग आधी कोण बोलतंय ते बघा

११ नोव्हेंबर २०११ ला एल्डर स्क्रोल्स मालिकेतला स्कायरिम हा व्हिडिओ गेम आला तेव्हापासून "साम्राज्य की स्टॉर्मक्लोक" हा वाद (स्कायरिम प्रांताच्या यादवीत सम्राटाची बाजू बरोबर की उल्फ्रिकच्या स्टॉर्मक्लोक बंडखोरांची) चालू आहे आणि तो मिटावा असं मला तरी वाटत नाही, कारण गेममधल्या राजकारणावर इतकं पोटभर बोलता येईल असं दुसरं जग मला सापडलेलं नाही. आम्ही पाच जण दर शनिवारी रात्री कॉलवर बसतो, तिघं पुण्यात, चुलतभाऊ नाशिकला आणि एक मैत्रीण डब्लिनला, आणि गेली कित्येक वर्षं विषय फिरून फिरून तिथेच येतो. सुरुवातीला नुसती आरडाओरड असायची. एकजण म्हणायचा उल्फ्रिक खुनी आहे, दुसरा म्हणायचा तुमचा सम्राट विकला गेला, अर्ध्या तासात कुणीतरी माइक बंद करून झोपायला जायचं. आता तसं होत नाही, वाद तीन तीन तास चालतो आणि संपल्यावर प्रत्येकाला काहीतरी नवीन कळलेलं असतं. ते कसं जमलं ते इथे लिहितोय. ज्यांनी गेम पूर्ण केलेला नाही त्यांनी आधी खेळून या, कारण पुढे सगळं उघड करून टाकलंय.

पहिलं काम म्हणजे एका कागदावर सनावळी काढा. खरंच कागदावर. निम्मी भांडणं फक्त "आधी काय झालं, नंतर काय झालं" हे डोक्यात नसल्यामुळे होतात. तिसरं युग संपलं त्याच्या ४३३ व्या वर्षी, ऑब्लिव्हियन या आधीच्या गेममध्ये आपण ते खेळलोय, सम्राटांचं सेप्टिम घराणं तिथे संपलं. पुढची सगळी वर्षं चौथ्या युगातली. १७१ साली थालमोरचा, म्हणजे साम्राज्याचा शत्रू असलेल्या एल्फ राजवटीचा, दूत सम्राट टायटस मीड दुसरा याच्या दरबारात झाकलेली गाडी घेऊन आला आणि मागण्या ठेवल्या, की जबर खंडणी द्या, ब्लेड्स ही साम्राज्याची हेर संघटना मोडा, टालोस या देवाची पूजा बंद करा आणि हॅमरफेल प्रांताचा मोठा भाग आमच्या ताब्यात द्या. सम्राट नाही म्हणाला तेव्हा त्या गाडीतून शंभरावर मुंडकी जमिनीवर ओतली गेली, समरसेट आणि व्हॅलेनवूड या एल्फ प्रांतांमधल्या ब्लेड्सच्या माणसांची. तिथून महायुद्ध सुरू. १७४ ला राजधानी पडली, सम्राट सैन्य घेऊन उत्तरेला निसटला. १७५ ला रेड रिंगच्या लढाईत त्याने राजधानी परत घेतली आणि त्याच साली व्हाइट-गोल्डचा तह केला. १७६ ला मार्कार्थचं प्रकरण, म्हणजे उल्फ्रिकने ते शहर बंडखोरांकडून परत घेतलं आणि मग त्यालाच पकडलं. १८० ला हॅमरफेलने स्वतंत्रपणे लढून थालमोरला माघार घ्यायला लावली, तो स्ट्रोस म'काईचा दुसरा तह. आणि आपला गेम सुरू होतो २०१ ला, म्हणजे व्हाइट-गोल्डच्या तहाला २६ वर्षं होऊन गेलीत. हे २६ वर्षांचं अंतर लोक फार विसरतात, जणू तह गेल्या आठवड्यात झालाय असं बोलतात.

हा कागद समोर असला की "उल्फ्रिकने युद्ध चालू असताना साम्राज्याच्या पाठीत खंजीर खुपसला" असलं वाक्य कुणी टाकलं तर लगेच बोट ठेवता येतं, की बाबा युद्धात तो साम्राज्याच्याच बाजूने लढत होता, थालमोरने त्याला पकडलं होतं, स्कायरिमचा राजा टॉरिग याला त्याने द्वंद्वात मारलं ते तहानंतर कितीतरी वर्षांनी.

आता मुख्य गोष्ट, हिच्यावर मी जास्त वेळ घालवणार आहे. या जगात जवळपास काहीही लेखक वरून येऊन सांगत नाही. जे काही कळतं ते त्या जगातल्याच कुणीतरी लिहिलेल्या पुस्तकातून, चिठ्ठीतून नाहीतर कुणाच्या तोंडून. आणि लिहिणाऱ्याची एक बाजू असते. हे बनवणाऱ्यांनी मुद्दाम केलंय, मॉरोविंड या आधीच्या गेममध्ये तर रेड माउंटनच्या लढाईच्या इतक्या हकिकती आहेत आणि सेनापती नेरेवार कसा मेला यावर त्या एकमेकींना उभा छेद देतात, आणि गेम शेवटपर्यंत निकाल देत नाही. आपल्याला मराठीत हे नवीन नाही. बखर काय म्हणते आणि त्या काळचं अस्सल पत्र काय म्हणतं यातला फरक आपल्याकडे लोकांनी आयुष्य घालवून शोधलाय, राजवाडे दप्तरं धुंडाळत गावोगाव हिंडले ते त्याचसाठी. तीच सवय इथे लावायची. कुणी काहीही दावा केला की तीन प्रश्न: हे कोण सांगतंय, त्याला ते कसं कळलं, आणि कुणी वाचावं म्हणून लिहिलंय.

उदाहरणच घ्या. महायुद्धावरचं जे पुस्तक गेममध्ये सगळीकडे मिळतं आणि वादात सगळे जे वापरतात ते लिहिलंय लेगेट जस्टियानस क्विंटियसने. हा साम्राज्याचा सेनाधिकारी. तो स्वतःच सुरुवातीला सांगतो की मी दहावी लीजन (सैन्याची मोठी तुकडी) चालवली, १७५ ला राजधानीवरच्या हल्ल्यात जखमी झालो, शत्रूची पकडलेली कागदपत्रं, कैद्यांच्या जबान्या आणि वाचलेल्या सैनिकांच्या हकिकती जुळवून हे लिहिलंय, आणि जिथे माहिती नव्हती तिथे अंदाज केलाय. इतका प्रामाणिक लेखक मिळणं भाग्याचं आहे. पण म्हणून तो निःपक्षपाती होत नाही. तह योग्य होता असं त्याचं मत आहे आणि त्यासाठी तो कारण देतो, की रेड रिंगनंतर एकाही लीजनमध्ये निम्म्यापेक्षा जास्त सैनिक लढण्याच्या अवस्थेत नव्हते, दोन लीजन जवळजवळ नष्टच झाल्या होत्या. आता हे बघा, एकाच पुस्तकात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सैन्याची मोडतोड ही माहिती, तीही ज्याने स्वतः लीजन चालवली अशा माणसाने दिलेली, त्यामुळे वजनदार. तह आवश्यक होता हे अनुमान. आणि त्याच पुस्तकात तो विरोधकांचा मुद्दाही नोंदवतो, की तहाच्या अटी जवळपास त्याच होत्या ज्या सम्राटाने पाच वर्षांपूर्वी नाकारल्या होत्या. म्हणजे स्टॉर्मक्लोकच्या बाजूने बोलणाऱ्याला आपला सगळ्यात चांगला मुद्दा साम्राज्याच्याच माणसाकडून घेता येतो. विरोधी गोटातल्या माणसाने मान्य केलेली गोष्ट वादात सगळ्यात जड जाते, ती आधी शोधा.

उलटं उदाहरण मार्कार्थचं. "मार्कार्थचं अस्वल" या छोट्या पुस्तकात उल्फ्रिकने शहर परत घेतल्यावर बायकांचा छळ केला, म्हातारेकोतारे, शरण आलेली आणि न लढलेली माणसं मारली असं वर्णन आहे. लेखक अर्रियानस अरियस. साम्राज्याच्या बाजूचे लोक हे पुस्तक फडकवतात, स्टॉर्मक्लोकवाले एका वाक्यात उडवतात की साम्राज्याचा प्रचार आहे. दोन्ही आळशीपणा आहे. याच अरियसचं दुसरं पुस्तक आहे फोरस्वॉर्नवर, म्हणजे मार्कार्थच्या आसपासच्या रीच भागातल्या बंडखोर मूळ रहिवाशांवर, त्यात त्याला त्या लोकांबद्दल सहानुभूती आहे हे सरळ दिसतं. म्हणजे तो उल्फ्रिकवर कडक असणार याचं कारण कळलं. पण कारण कळलं म्हणजे त्याने लिहिलेलं खोटं ठरलं असं नाही ना! त्यासाठी दुसरा साक्षीदार हवा. मार्कार्थचा यार्ल, म्हणजे तिथला अधिपती, इगमुंड याच्याशी बोला, तो सरळ कबूल करतो की शहर हातातून गेलं होतं, आम्ही अगतिक होतो, टालोसच्या पूजेची परवानगी देऊ असं वचन उल्फ्रिकला दिलं, आणि थालमोरला कळल्यावर त्यालाच पकडावं लागलं. इगमुंड साम्राज्याच्या बाजूचा आहे, तरी स्वतःच्या घराण्याला कमीपणा येईल अशी गोष्ट सांगतोय, म्हणून वचनाच्या मुद्द्यावर मी त्याच्यावर विश्वास ठेवतो. कत्तलीच्या मुद्द्यावर त्याने काही सुटत नाही. म्हणजे वचन मोडलं गेलं हे पक्कं धरा, कत्तल किती झाली हे एका साक्षीदारावर उभं आहे असं म्हणा. तिथेच थांबा. आमच्यात एकाने एकदा "हजारो मारले" असं ठोकून दिलं होतं, आकडा कुठून आणला विचारल्यावर त्याला तो कुठेच दाखवता आला नाही.

आणि आता ती फाइल. थालमोरच्या वकिलातीत चोरून शिरतो तेव्हा उल्फ्रिकवरचा त्यांचा गोपनीय अहवाल हाती लागतो. माझ्या मते अख्ख्या वादातला हा सगळ्यात मौल्यवान कागद, कारण तो बाहेरच्या कुणी वाचावा म्हणून लिहिलेलाच नाही. पण लोक त्यातला एक शब्द उचलतात, "अ‍ॅसेट", आणि ओरडतात की बघा उल्फ्रिक थालमोरचा एजंट. थांबा, कागद ओळीओळीने वाचू. त्यात म्हटलंय की युद्धात त्याला पकडलं, चौकशी एलेनवेनने केली, जी आता तिथली मुख्य दूत आहे. राजधानी तुझ्याच माहितीमुळे पडली असा त्याचा समज करून दिला, पण शहर खरं म्हणजे तो फुटायच्या आधीच पडलं होतं. मग त्याला पळून जाऊ दिलं. हे वाचून माझ्या अंगावर काटा आला होता, एका तरुण सैनिकाला आयुष्यभर पुरेल इतका अपराध त्याच्या डोक्यात खोटा भरला. इथपर्यंत तो बळी आहे. पण पुढची ओळ लपवू नका, मी स्टॉर्मक्लोकच्या बाजूचा असून सांगतोय. युद्धानंतर त्याच्याशी संपर्क झाला आणि तो उपयोगाचा ठरला असंही त्यात आहे. कोणता संपर्क, त्याला समोर कोण आहे हे माहीत होतं का, यावर कागद गप्प आहे. मग येतं की मार्कार्थचं प्रकरण थालमोरच्या दृष्टीने फार फायद्याचं ठरलं, पण त्यानंतर तो थेट संपर्काला दाद देईनासा झाला, आता तो निष्क्रिय समजावा. आणि शेवटी की साम्राज्य जिंकलं तर आपलं नुकसान, पण स्टॉर्मक्लोकचा विजयसुद्धा टाळायचा, यादवी अशीच रेंगाळत राहिली पाहिजे.

यातून दोन्ही बाजूंना काय मिळतं ते मांडायला शिका. साम्राज्यवाला म्हणू शकतो की उल्फ्रिकचं बंड थालमोरच्या पथ्यावर पडतंय, आणि ते कागदावर आहे. स्टॉर्मक्लोकवाला म्हणू शकतो की तो जिंकलेला त्यांना नकोय, म्हणजे तो त्यांचा माणूस नाही, आणि तेही कागदावर आहे. तिसरी गोष्ट सहसा कुणी बोलत नाही, की गुप्तहेर खात्याचा अहवाल असला तरी लिहिणाऱ्याला आपल्या वरिष्ठांना काम दाखवायचं असतंच, "उपयोगाचा ठरला" हे शब्द तसेही असू शकतात. सिद्ध करता येत नाही, पण शंका म्हणून मांडायला हरकत नाही, फक्त ती शंका आहे असं तोंडाने म्हणा.

टॉरिगच्या मृत्यूवर वाद सुरू झाला की सगळे एकाच वेळी चार वेगवेगळ्या गोष्टींवर बोलायला लागतात, म्हणून तिथे प्रश्न फोडायचा. घडलं काय, परंपरेला धरून होतं का, न्याय्य होतं का, आणि शहाणपणाचं होतं का. घडलं काय यावर उल्फ्रिक स्वतः म्हणतो की शाउटने (आवाजाच्या जादूने) त्याला खाली पाडलं पण जीव गेला तो माझ्या तलवारीने. टॉरिगच्या सॉलिट्यूड शहरात लोक म्हणतात शाउटनेच मारला. आणि सोव्हनगार्डमध्ये, म्हणजे मेलेल्या वीरांच्या लोकात, खुद्द टॉरिगचा आत्मा भेटतो, तोही उल्फ्रिकच्या शाउटचंच नाव घेतो, वर म्हणतो की मी न घाबरता सामोरा गेलो. मेलेल्या माणसाची साक्ष मिळते असं जग आहे हे, ती सोडू नका! तर शाउट वापरला यावर कुणाचंच दुमत नाही, तो विषय बंद. पुढचा प्रश्न सुरू, की द्वंद्वात शाउट चालतो का. शहाणपणाच्या प्रश्नाला मात्र दरबारातली सिबिल स्टेंटर भेटली पाहिजे, तिच्या बोलण्यावरून टॉरिगला उल्फ्रिकबद्दल आदर होता आणि त्याने स्वातंत्र्याची गोष्ट थेट मागितली असती तर कदाचित टॉरिग तयारही झाला असता. मला हे ऐकून फार वाईट वाटलं होतं. द्वंद्व परंपरेला धरून होतं असं मी आजही मानतो, पण शहाणपणाचं होतं असं आता म्हणत नाही, आणि या दोन वाक्यांत काही विरोध नाही हे समजायला मला प्रश्न फोडावाच लागला.

इतिहासातली उदाहरणं द्यायची का? द्या, पण जपून. नाशिकच्या चुलतभावाने एकदा पुरंदरचा तह काढला. म्हणाला, १६६५ ला महाराजांनी २३ किल्ले दिले, वेळ विकत घेतला, १६७० पासून परत घ्यायला सुरुवात केली, टायटस मीडने तेच केलं, तुम्हाला दिसत नाही का. मुद्दा सुंदर होता, कॉलवर सगळे गप्प झाले. मग डब्लिनवाली म्हणाली, दादा, पुरंदरच्या तहात आपला देव पुजू नका असं कलम नव्हतं. आणि महाराजांनी पाचेक वर्षांत हालचाल केली, इथे २६ वर्षं झाली तरी सम्राटाने काय केलं ते दाखव. चुलतभावाने उत्तर दिलं की सैन्य उभं करायला पिढी जावी लागते आणि एल्फ लोक तर माणसांपेक्षा कितीतरी जास्त जगतात, म्हणून त्यांची आणि आपली घाई सारखी नसते. हा वाद मला आजवरचा सगळ्यात आवडलेला वाद आहे. पण लक्षात घ्या, पुरंदरने सिद्ध काहीच झालं नाही. तो तह समोर ठेवल्यामुळे कुठे साम्य आहे आणि कुठे नाही ते शोधावं लागलं, आणि कामाचे मुद्दे त्या शोधातून आले. "आपल्याकडे असं झालं म्हणून तिकडेही तसंच" हे वाक्य कुणी म्हटलं की थांबवायचं. आणि आजचे पक्ष, आजचे नेते तर आणायचेच नाहीत, एकदा ते आले की स्कायरिम संपतं आणि घरचं भांडण सुरू होतं, आम्ही हा नियम पक्का केलाय.

काही छोट्या गोष्टी. गेममध्ये जे दिसतं ते मोजून वाद घालू नका, व्हाइटरन शहरात घरं किती, वेढ्यात सैनिक किती. ती सगळी गेम चालवायची सोय आहे, तेवढ्या माणसांवर कुठलं साम्राज्य उभं राहील? जुन्या आणि नव्या गेममध्ये फरक दिसला तर लगेच चूक म्हणू नका, कारण या मालिकेत फरक पोटात घ्यायची पद्धतच आहे. १९९६ च्या डॅगरफॉलला अनेक शेवट होते, पुढे त्यातला एक निवडायच्या ऐवजी सगळेच एकदम घडले असं ठरवलं, काळच फुटला आणि इलियाक बे या भागातल्या ४४ राज्यांची चार झाली. साम्राज्याचा मुख्य प्रांत सिरोडिल मात्र १९९८ ला जंगल म्हणून वर्णन केलं होतं आणि २००६ ला ऑब्लिव्हियनमध्ये आपण हिरव्या कुरणांतून घोडा दामटला, तिथे मला वाटतं बनवणाऱ्यांनी मन बदललं आणि नंतर कारणं जोडली. असं स्पष्ट म्हणायला लाजू नये. बनवणाऱ्या टीममधल्या कुणी गेमबाहेर काही लिहिलं असेल तर ते वापरायचं की नाही हे कॉल सुरू व्हायच्या आधी ठरवा, मधेच ठरवलं तर ज्याच्या विरोधात जातं तो चिडतो. आणि स्वतःची कल्पना, म्हणजे हेडकॅनन, ती सांगताना "माझी कल्पना अशी" इतकं म्हणायचं, मग ऐकायला सगळ्यांनाच आवडतं.

बोलायची पद्धत म्हणाल तर एकच गोष्ट आम्हाला खरी उपयोगी पडली. समोरच्याचा मुद्दा आधी आपल्या शब्दात सांगायचा आणि तो "हो, हेच म्हणायचंय मला" म्हणाला की मगच उत्तर द्यायचं. वेळ लागतो, पहिल्या दोन शनिवारी सगळ्यांना कंटाळा आला. पण त्यामुळेच विंडहेल्मच्या ग्रे क्वार्टर या वस्तीवर आम्ही नीट बोलू शकलो. डन्मर (डार्क एल्फ) निर्वासितांना उल्फ्रिकच्या शहरात कसं ठेवलंय हा स्टॉर्मक्लोकच्या बाजूचा सगळ्यात दुखरा भाग आहे आणि मी तो कायम टाळायचो. मैत्रिणीने माझा मुद्दा माझ्यापेक्षा चांगला मांडून दाखवला, मग विचारलं, की टालोसची पूजा करायचा हक्क मागणारा माणूस त्या गल्लीतून चालताना काय बघतो? याला माझ्याकडे आजही पूर्ण उत्तर नाही. गेममध्ये कुणी सांगतं की उल्फ्रिक युद्धात गुंतलाय, कुणी म्हणतं त्याला फरकच पडत नाही. मी पहिलं धरून बसलो होतो, आता धरत नाही.

मागच्या शनिवारी चुलतभाऊ रिव्हरवूडला लोहार अल्व्हॉरकडे परत जाऊन आला. हा साम्राज्याच्या बाजूचा साधा माणूस, आणि तो सांगतो की बंदी नावापुरती होती, घराघरात टालोसचा छोटा देव्हारा असायचा, कुणी बघत नव्हतं, उल्फ्रिकने गाजावाजा केला तेव्हा सम्राटाला कडक व्हावं लागलं, आणि मग माणसं रात्री अपरात्री उचलून नेली गेली. चुलतभावाने पहिला अर्धा भाग माझ्या विरोधात वापरला आणि दुसरा अर्धा भाग स्वतःच मोठ्याने वाचून दाखवला. म्हणाला, उचलून नेलं हे आपलाच माणूस सांगतोय, हे मी आता नाकारणार नाही. या शनिवारी हॅमरफेल घेतलंय, साम्राज्याने सोडल्यावर रेडगार्ड, म्हणजे तिथले लोक, एकटे लढून उभे राहिले तर तहाची खरंच गरज होती का, आणि साम्राज्याच्या जनरल डेसियानसने "आजारी" म्हणून मागे सोडलेल्या सैनिकांचा त्यात हात किती. येणार असाल तर क्विंटियसचं पुस्तक शेवटपर्यंत वाचून या, हॅमरफेलचा भाग शेवटाकडे आहे.